फिरते घर आणि भरतीची रेषा

"सर, तुमच्या घराला चाके होती, हे खरे काय?" असा प्रश्न दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्या पहिल्याच दिवशी इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थ्याने मला भर वर्गात विचारला आणि सारा वर्ग हसला. बातमी एव्हरशाईन सिटीतील आमच्या इमारतीच्या आवारातून निघून माझ्या आधी शाळेत पोहोचली होती. त्या दिवशीचा भूगोलाचा तास ह्याच विषयात गेला, तरी सांगावयाचे पुष्कळ राहून गेले. ते येथे लिहून काढीत आहे. त्यात माझ्या एका घोडचुकीची कबुलीही आहे. परंतु ती टाळून हा विषय नीट समजावून सांगता येणार नाही.

कॅराव्हॅन हा शब्द मूळचा फारसी. वाळवंटातून उंटांच्या रांगांनिशी चालणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यास तो लावीत. आपल्याकडेही बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलाबाळांसह देशभर हिंडणारे बंजाऱ्यांचे तांडे होतेच. आता ह्या शब्दाचा अर्थ आकसून एका मोटारीपुरता उरला आहे. आम्ही भाड्याने घेतलेल्या गाडीत दोघांस निजण्यापुरता पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, इवलेसे न्हाणीघर आणि दिव्यापंख्यांसाठी मोठी बॅटरी एवढा संसार होता. जेथे उपाहारगृहे व धर्मशाळा नाहीत, किंवा जेथे पक्के बांधकाम करण्यास कायद्याने मनाई आहे, अशा रम्य स्थळीही प्रवाशांस मुक्काम करता यावा, ह्या हेतूने महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. समुद्रकिनारा हे असेच एक स्थळ होय.

टाकीतील पाणी जपून वापरावे लागते, हे ऐकून शेजारीण म्हणाली, "मग ह्यात नवे ते काय?" टँकरची वाट पाहण्यात ज्यांची अनेक वर्षे गेली, अशा आमच्या वसईच्या पूर्व भागातील गृहिणीचे ते उत्तर होते.

माझी पत्नी पाचूबंदरच्या कोळी कुटुंबातली. तिचे वडील हयातभर समुद्रावर गेले. मी मात्र दर्याजवळ राहूनही पुस्तकातला माणूस; भरती-ओहोटीचा धडा मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. ह्या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

कार्तिक शुद्ध अष्टमीस आम्ही निघालो. पहिला मुक्काम घरापासून जवळच, राजोडीस ठेवला होता. गाडीची सवय व्हावी आणि काही बिघडलेच तर घरी परतता यावे, एवढाच विचार. अर्नाळ्यापासून दक्षिणेकडे नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव अशी ही किनाऱ्याची पट्टी वसईपर्यंत जाते. तिच्या पाठीमागे नारळी-केळीच्या वाड्या आणि पुढे सुरूची बने. सुरू हे झाड मुळातले आपले नव्हे. ते ऑस्ट्रेलियाकडचे; जळणासाठी व वारा अडविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर त्याची लागवड सुरू झाली. आज ते नसेल तर हा किनारा ओळखूही येणार नाही.

संध्याकाळी सहाच्या पुढे भरती पूर्ण झाली. पाणी जेथवर आले तेथे वाळूवर ओलाव्याची व शेवाळाची रेघ उमटली. मी बनातल्या शेवटच्या सुरूपासून तेथवर पावले मोजली. ती साठ भरली. वहीत लिहिले, "भरतीची मर्यादा : साठ पावले." पत्नीने वहीत डोकावून पाहिले आणि ती म्हणाली, "आज अष्टमी आहे." मी "हो" म्हटले आणि वही मिटली. ती काय सांगत आहे, हे मला कळले नाही, आणि कळले नाही हेही कळले नाही.

पुढचा मुक्काम केळव्याचा. नकाशात अर्नाळा व केळवे ही गावे जवळ दिसतात; परंतु मध्ये वैतरणेचे मुख आहे. विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे जलसारकडे गाड्या नेणारी रो-रो बोट २०२५ मध्ये सुरू झाली, तरी आमच्या नवख्या हातांनी हे धूड बोटीवर चढविण्याचे धैर्य होईना. म्हणून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने वैतरणा ओलांडून मनोरास पश्चिमेकडे वळलो आणि पालघरवरून केळव्यास उतरलो. किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याचा बेत करणाऱ्यास ह्या जिल्ह्यात प्रत्येक खाडी असा वळसा घालावयास लावते.

केळवे हे पानवेलींचे गाव. सावलीत वाढणाऱ्या त्या वेलींचे मांडव, शीतलादेवीचे देऊळ, लांब पसरलेली पुळण आणि पाण्यात एकटाच उभा असलेला लहानसा पाणकोट, असे येथील दर्शन. दशमी व एकादशी आम्ही तेथे घालविल्या. एकादशीच्या सकाळी पाणी राजोडीपेक्षा बरेच वर आलेले दिसले. मी पत्नीस समजावून सांगितले की, प्रत्येक किनाऱ्याची घडण निराळी असते. विधान चुकीचे नव्हते. पण ते येथे लागू नव्हते.

द्वादशीस दुपारी सातपाटीस गेलो. सातपाटीचे पापलेट प्रसिद्ध आहे. आणि २०२३ साली शासनाने पापलेटास महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित केले, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. ओहोटी होती. खाडीतील होड्या गाळात कललेल्या होत्या. खाडी गाळाने भरत आल्यामुळे भरतीचे पाणी आल्यावाचून त्यांस ये-जा करता येत नाही. जाळे विणीत बसलेल्या एका गृहस्थांस मी विचारले, "आता केव्हा निघाल?" त्यांनी मनगटाकडे पाहिले नाही. "बारस आहे. नवाच्या पुढे," एवढेच म्हणून ते पुन्हा जाळ्याकडे वळले. पत्नी हसली.

तेथून उत्तरेस चिंचणी, डहाणू आणि महाराष्ट्राच्या अगदी टोकाशी बोर्डी. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावरील वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली असून मच्छीमार समाजाचा त्यास विरोध आहे. मी त्या वादातला जाणकार नव्हे. परंतु ज्यांचे दिवसाचे घड्याळ समुद्र लावतो, त्यांस किनारा बदलणे म्हणजे काय वाटत असेल, ह्याची थोडीशी कल्पना मला दुसऱ्याच दिवशी येणार होती.

मधली त्रयोदशी आम्ही डहाणूस काढली आणि चतुर्दशीस सायंकाळी पाचच्या सुमारास बोर्डीस पोहोचलो. चिकूच्या वाड्या मागे टाकून समोर पाहतो तो समुद्रच नाही! पुळण इतकी सपाट की पाणी दूर, क्षितिजालगत एका रुपेरी रेघेसारखे दिसत होते. मावळतीचा सूर्य समोर आणि पाठीशी जवळजवळ पूर्ण वाटोळा चंद्र वर येत असलेला. अशा देखाव्यापुढे गाडी रस्त्यावर उभी करणे मला अरसिकपणाचे वाटले. बनातून वाळूवर उतरणारी एक वाट दिसली. पत्नी म्हणाली, "अहो, आज चौदस आहे. गाडी वरच राहू द्या." मी वहीतील साठ पावलांचा हवाला दिला, झाडांपासून वीसच पावलांवर गाडी उभी केली आणि चाळीस पावले हाती राखल्याचे समाधान मानले. शेगडीवर चहा ठेवला. तो चहा उत्तम झाला होता, हे येथे नमूद करतो. कारण त्यानंतरचे काहीच उत्तम झाले नाही.

साडेसहाच्या सुमारास एक वृद्ध मच्छीमार बाबा बनातून चालले होते, ते थांबले. "मास्तर, गाडी काढा. आज पाणी झाडांना लागणार." मी मास्तर आहे हे त्यांस कसे कळले, देव जाणे. मी गाडी सुरू केली. मागची चाके जागच्या जागी फिरली, वाळू उडाली आणि गाडी वीतभर खाली बसली. पुन्हा जोर दिला, आणखी बसली.

येथे वाळूविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ओलसर वाळूत कणाकणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो व तो कणांस एकमेकांशी बांधून ठेवतो. म्हणूनच ओल्या वाळूचे किल्ले उभे राहतात. अगदी कोरड्या वाळूत हे बंधन नसते, कण घरंगळतात व चाक रुतते. उलट, वाळूत पाणी तुडुंब भरले म्हणजेही कण एकमेकांपासून सुटतात आणि ती चिखलासारखी वागू लागते. म्हणजे ओहोटीच्या वेळी जी पट्टी सडकेसारखी टणक असते, तीच भरती चढताना पायाखालून सरकू लागते. आमची गाडी झाडांजवळच्या कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यात होती, आणि खालून पाणी येत होते. चाक जितके जोराने फिरवावे तितका खड्डा खोल होतो. अशा वेळी इंजिन बंद करावे, चाकांपुढची वाळू हातांनी उकरावी, चाकांतील हवा थोडी कमी करावी म्हणजे चाक पसरून टेकते व भार अधिक जागेवर वाटला जातो, आणि पुढे गोणपाट किंवा फांद्या अंथराव्यात. हे सारे त्या बाबांनी व जमलेल्या चार तरुणांनी आम्हांस शिकविले आणि करूनही दाखविले. तरीही गाडी हलेना. एक जण ट्रॅक्टर आणावयास गेला.

सात वाजले. चांदण्यात दूरवर फेसाची पांढरी किनार दिसू लागली. मला वाटले, अजून वेळ आहे. तासाभरात पाणी फार सरकलेले नाही. बाबा म्हणाले, "आता धावेल."

आणि ते धावले. भरती सहा तासांत चढते, परंतु सारख्या वेगाने नव्हे. एकंदर चढावाचे बारा भाग केले, तर स्थूल मानाने पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. पाणी चार मीटर चढणार असेल, तर पहिल्या तासात ते जेमतेम एक फूट चढेल. पण तिसऱ्या तासात पुरता एक मीटर. आता पुळणीचा उतार शंभरास एक असा मंद असेल, तर एक मीटर चढणारे पाणी त्या तासात शंभर मीटर पुढे येईल. सपाट पुळणीवर रमणाऱ्या प्रवाशाची फसगत होते ती येथे. पहिल्या तासाचा वेग पाहून तो निश्चिंत होतो आणि तिसऱ्या तासात पाणी त्याच्या पायाशी असते.

साडेआठास ट्रॅक्टर आला, तेव्हा पाणी आमच्यापासून पंधरा पावलांवर होते. पत्नीने तोवर अंथरुणे, शेगडी, कागदपत्रे व माझी वही असे सारे काढून सुरूखाली नेऊन ठेवले होते. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही; दिला असता तर बरे वाटले असते. दोरखंड लागला, ट्रॅक्टर गुरगुरला, गाडी एकदा तिरकी झाली, आणि नवाच्या आत रस्त्यावर आली. त्या मंडळींनी डिझेलाचे पैसे तेवढे घेतले. अकराच्या सुमारास आम्ही सर्व जण वर उभे राहून पाहत होतो. आमच्या चाकांच्या खड्ड्यांवरून पाणी सहज पुढे गेले आणि सुरूच्या मुळांस लागले.

माझ्या हातून काय सुटले होते? भरतीचा धडा मला पाठ होता. चंद्राकडील बाजूचे पाणी त्याच्याकडे अधिक ओढले जाते, विरुद्ध बाजूचे कमी. त्यामुळे पृथ्वीवर पाण्याचे दोन फुगवटे होतात व दिवसातून दोन वेळा भरती येते. अमावस्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येऊन दोघांची ओढ एकत्र होते, ते उधाण. अष्टमीस ते काटकोनात असतात व एकमेकांचे बळ कमी करतात, तो भांग. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवितो. परंतु अष्टमीची, म्हणजे ऐन भांगाची रेघ मी भरतीची मर्यादा म्हणून वहीत लिहिली आणि तीच उधाणाच्या आदल्या रात्री वापरली. वहीतील आकडा बरोबर होता, त्याच्या पुढे तिथी लिहिलेली नव्हती.

सातपाटीच्या गृहस्थांनी घड्याळाकडे न पाहता वेळ कशी सांगितली, हेही आता सांगतो. कोकणच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, द्वादशीस नऊ, चतुर्दशीस साडेदहा. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजावे. सकाळी जी वेळ तीच साधारणपणे रात्री, आणि सव्वासहा तासांनी ओहोटी. ह्याचे मूळ सोपे आहे. एका चांद्रमासात तीस तिथी असतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ चोवीस तास मागे सरकते. म्हणजे दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटे, आपल्या जुन्या मापाने बरोबर दोन घटका. पाऊणपटीत पंचेचाळीसच मिनिटे धरली जातात. तिथीमागे तीन मिनिटे राहून जातात व पौर्णिमेपर्यंत त्यांची पाऊण तास भर पडते. म्हणून पौर्णिमेस सव्वाअकराऐवजी बारा धरणे अधिक बरोबर. सातपाटीच्या गृहस्थांनी "नवाच्या पुढे" म्हटले, त्यातील "पुढे" हा शब्द किती नेमका होता पाहा!

हा हिशेब मुंबई व आसपासच्या किनाऱ्याचा. दूरच्या बंदरांत किनाऱ्याच्या व तळाच्या घडणीमुळे वेळा निराळ्या पडतात. पाण्याची चढही सर्वत्र सारखी नसते. गोव्याकडे ती सुमारे दोन मीटर, मुंबईस मोठ्या उधाणास पाच मीटरच्या जवळपास, आणि खंबायतच्या आखातात, जेथे समुद्र नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, तेथे दहा मीटरांच्याही वर. पालघरचा किनारा त्या आखाताच्या वाटेवर आहे. म्हणूनच मालवणास पाहिलेल्या समुद्राच्या भरवशावर बोर्डीस वागू नये. ज्यांस पाण्यात किंवा पाण्याजवळ जावयाचे आहे, त्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. तिथीचा हिशेब स्थूल होय.

मी केलेली चूक केवळ प्रवाशाची नव्हे. किनाऱ्यावर बांधकामास आळा घालणारी नियमावली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी प्रथम निघाली व पुढे २०११ आणि २०१९ मध्ये सुधारली गेली. तिचे सारे मोजमाप भरतीरेषेपासून चालते. आणि भरतीरेषा म्हणजे उधाणाचे पाणी जास्तीत जास्त जेथवर पोहोचते ती रेषा, अशी व्याख्या त्यात दिली आहे. भांगाची रेघ त्यास चालत नाही. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर येऊन "समुद्र तर किती लांब आहे!" म्हणणाऱ्या पालकांनी ही व्याख्या एकदा मनात घोळवून पाहावी. वाळूवर गाडी नेण्याविषयी तर मी आता दुसऱ्यास सांगण्यास अपात्र आहे. तरी एवढे लिहितो की, त्या कोरड्या पट्ट्यात खेकड्यांची बिळे व वाळू धरून ठेवणाऱ्या वेली असतात, आणि आमच्या चाकांनी त्या रात्री त्यांची जी दाणादाण केली ती सकाळी उजेडात पाहवली नाही.

वद्य द्वितीयेस आम्ही परतलो. गाडी संध्याकाळी परत करावयाची होती, सबब दुपारी तिला रस्त्यावरच उभी करून आम्ही पायी राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो. उधाण बहुधा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठे असते. एक वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती होती. किनाऱ्यावर काही सुरू उन्मळून पडले होते. त्यांच्या उघड्या मुळांखालची वाळू प्रत्येक लाटेबरोबर थोडी थोडी जात होती. पुळणीतून व खाड्यांतून वाळूचा उपसा होत राहिला, की समुद्र ती तूट किनाऱ्यातून भरून काढतो. अष्टमीस ही झाडे आम्ही पाहिली होती. पण तेव्हा पाणी दूर होते, म्हणून ती कोणी पाडली हा विचार मनात आला नव्हता.

मी त्याच सुरूपासून पुन्हा पावले मोजली. अकरा भरली. पत्नीने माझ्या हातून वही घेतली, "भरतीची मर्यादा" हे शब्द खोडले, त्या जागी "कार्तिक शुद्ध अष्टमी" असे लिहिले, आणि खालच्या ओळीत "वद्य द्वितीया : अकरा" असे लिहून वही मला परत दिली.